कंपनीचा माणूस : केंजी मिसुमीचे तलवारपट



व्याख्यानाची पत्रिका छापून आली त्या संध्याकाळी एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "पत्रिकेत चूक झालीय. कुरोसावाऐवजी भलतंच नाव छापलंय." मी म्हटलं, चूक नाही. तर म्हणाला, "मग हा मिसुमी कोण?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला आज मला तासभर मिळाला आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या अण्णांनी आम्हाला जपानी सिनेमा दाखवला. शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून, सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर. रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्या वेळात अण्णा बोलायचे. 'राशोमोन' कळला तो त्या रिळांच्या मधल्या बोलण्यातून. अण्णांच्या यादीत तीन नावं होती : कुरोसावा, मिझोगुची, ओझू. यादी चुकीची नव्हती. आजही कुणी विचारलं तर मी तीच सांगेन. पण यादी म्हटली की तिच्याबाहेर कुणीतरी उभं असतं, आणि आज मी त्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. अण्णांना हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. तलवारबाजीच्या सिनेमाला ते 'खणाखणी' म्हणत. गंमत म्हणजे जपानी माणूसही त्याला साधारण हेच म्हणतो. 'चानबारा' हा शब्द 'चान-चान बारा-बारा' या तलवारी आपटण्याच्या आवाजावरून आला आहे.

माझी आणि मिसुमीची गाठ पडली ती व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत. दहा-पंधरा रुपये भाड्याने कॅसेट आणायची आणि चौघांनी मिळून रात्री बघायची. त्या ढिगात 'शोगन असॅसिन' नावाची एक कॅसेट आली. बाबागाडी ढकलत निघालेला एक जाडजूड सामुराई, गाडीत त्याचा लहान मुलगा, आणि वाटेत रक्ताच्या चिळकांड्या. कथा तो मुलगाच इंग्रजीत सांगत होता. आम्ही हसलो, ओरडलो, पण मध्येच गप्पही झालो. वाळवंटात एक माणूस गळ्यावर वार झाल्यावर उभाच राहतो. स्वतःच्या गळ्यातून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ ऐकतो, त्या आवाजाबद्दल बोलतो आणि मग पडतो. ते बघताना खोलीतलं कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाचं नाव बघावं असं तेव्हा सुचलंच नाही.

बऱ्याच वर्षांनी कळलं, ती कॅसेट म्हणजे एक सिनेमा नव्हताच. १९७२ मधले दोन जपानी सिनेमे कापून, जोडून, वर इंग्रजी आवाज चढवून १९८० मध्ये अमेरिकेत तो माल तयार केला होता. मुलाचं निवेदन नंतर घातलेलं. पण तो वारा, ती वाळू आणि ती शांतता मात्र मूळचीच होती. मूळ दोन्ही सिनेमांचा दिग्दर्शक एकच, केंजी मिसुमी. जन्म १९२१, क्योतोचा. मृत्यू १९७५, वय अवघं चोपन्न. एकवीस वर्षांत साठाहून अधिक चित्रपट.

साठ हा आकडा ऐकून कुणी भुवया उंचावतील. आपल्याकडे एक समज आहे : मोठा दिग्दर्शक कमी सिनेमे करतो, पटकथेवर वर्षानुवर्षं बसतो, निर्मात्याशी भांडतो. मिसुमी यातलं काही करत नसे. तो पगारी नोकर होता. कंपनी पटकथा द्यायची, नट ठरवायची, तारीख ठरवायची, आणि हा सेटवर जायचा. आपल्या प्रभातमध्ये जशी माणसं महिन्याच्या पगारावर सिनेमे करत, तशीच ही व्यवस्था होती, फक्त आकार फार मोठा. कंपनीचं नाव दाइएई. स्थापना १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत. मालक मासाइची नागाता. या गृहस्थांना लोक 'रप्पा' म्हणत, रप्पा म्हणजे तुतारी. स्वतःचा डांगोरा पिटण्यात ते इतके पटाईत होते. पण त्या तुतारीच्या आवाजाखाली काम मात्र चांगलं झालं. क्योतोच्या उझुमासा भागातल्या त्यांच्या स्टुडिओत 'राशोमोन'चा तो पडका दरवाजा उभा राहिला होता. मिझोगुचीही तिथेच काम करत. म्हणजे अण्णांच्या यादीतली दोन नावं आणि यादीबाहेरचा मिसुमी एकाच आवारात वावरले. सुतार तेच, रंगारी तेच.

मिसुमी त्या आवारात पोचला तो वळसा घालून. १९४१ मध्ये तो क्योतोत निक्कात्सु कंपनीत शिकाऊ म्हणून लागला. लगेच सैन्यात भरती, मांचुरिया, आणि १९४५ मध्ये पराभव. मांचुरियातल्या जपानी सैनिकांना सोविएत फौजांनी उचलून सायबेरियाच्या छावण्यांत नेलं. पाच लाखांहून जास्त माणसं. थंडीत, अर्धपोटी, लाकडं तोडत. त्यातले हजारो परतलेच नाहीत. मिसुमी परतला १९४८ मध्ये. वय सत्तावीस. मधल्या काळात जुनी कंपनी नव्या दाइएईत विलीन झालेली, म्हणून हाही दाइएईत.

सायबेरियावर त्याने सिनेमा काढला नाही. कंपनीने सांगितला नाही, आणि त्याने मागितलाही नसावा. आता इथे मोह होतो की त्याच्या प्रत्येक मृत्यूदृश्याला सायबेरियाचा बर्फ चिकटवावा. समीक्षक हे फार करतात. मी एवढंच म्हणेन : त्याच्या सिनेमात मरणाऱ्या माणसाकडे कॅमेरा गडबड न करता बघतो, आणि ही सवय स्टुडिओत शिकवली जात नव्हती.

तेइनोसुके किनुगासांच्या हाताखाली तो सहायक म्हणून तयार झाला. किनुगासा म्हणजे 'जिगोकुमोन' अर्थात 'नरकाचा दरवाजा' या रंगीत चित्रपटाचे कर्ते. कानला त्याला १९५४ मध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मिसुमीला पहिला सिनेमा मिळाला : एक डोळा आणि एक हात असलेल्या तांगे साझेन या तलवारबाजाचा. भूमिकेत देंजिरो ओकोची, ज्याने ही भूमिका मूकपटांच्या काळापासून गाजवली होती. नवशिक्याला ठरलेला नट आणि ठरलेली गोष्ट द्यायची, म्हणजे बिघडायला फारसा वाव राहत नाही. एक डोळा, एक हात, एवढं तूर्त ध्यानात ठेवा.

तो काळ जपानी सिनेमाच्या भरतीचा. १९५८ मध्ये जपानात वर्षाला ११२ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. लोकसंख्या नऊ कोटींच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने वर्षात बारा वेळा सिनेमा बघितला. थिएटरात दोन सिनेमे एका तिकिटात, आणि आठवड्या-पंधरवड्याला नवी जोडी. ही भट्टी सतत पेटती ठेवायची तर मिसुमीसारखी माणसं लागतात. भूतकथा म्हटली की भूतकथा करायची : १९५९ मध्ये त्याने 'योत्सुया काइदान' केला. रडकथा म्हटली की रडकथा. पुढे तर दगडी मूर्ती जिवंत होऊन गावं तुडवते त्या 'दाइमाजिन' मालिकेतला एक भागही केला. यातले सगळेच सिनेमे चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. काही पाट्या टाकल्यासारखे आहेत.

आणि मग १९६१ मध्ये कंपनीने त्याच्या हातात गौतम बुद्ध दिला.

हॉलीवूडच्या बायबलपटांना उत्तर म्हणून नागातांना जपानचा पहिला सत्तर मिलिमीटरचा चित्रपट काढायचा होता. 'शाका', म्हणजे शाक्य. अडीच तासांहून लांब. भव्य सेट, हजारोंची गर्दी, सिद्धार्थाच्या भूमिकेत कोजिरो होंगो, यशोधरेसाठी फिलिपिन्सहून आणलेली चारितो सोलिस. आपल्यापैकी ज्यांनी धर्मानंद कोसंबी वाचले आहेत त्यांना हा सिनेमा बघताना घाम फुटेल. कारण यात कुणाल आहे! सम्राट अशोकाचा मुलगा, बुद्धानंतर दोन शतकांहून अधिक काळाने जन्मलेला, तो इथे बुद्धाच्या हयातीत वावरतो. त्याचे डोळे काढले जातात. त्या भूमिकेत राइझो इचिकावा. आणि दुष्ट देवदत्ताच्या भूमिकेत शिंतारो कात्सु.

ही दोन नावं आता शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहेत. दोघे १९३१ चे. दोघांनी १९५४ मध्ये एकाच सिनेमातून पदार्पण केलं. राइझो काबुकीच्या रंगभूमीवर वाढलेला, सडपातळ, चेहऱ्यावर एक थंड उदासी. कात्सु नागाउता गायकीच्या घराण्यातला, स्वतः शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारा, गोल चेहऱ्याचा, खायचं-प्यायचं-उधळायचं अशा स्वभावाचा. राइझो लगेच वर गेला. कात्सु त्याच्यासारखाच देखणा नायक व्हायला बघत राहिला आणि त्याला ते जमेना. मग १९६० मध्ये दुसऱ्या एका दिग्दर्शकाच्या सिनेमात त्याने एक कपटी, खुनशी आंधळा रंगवला आणि लोक चमकले. त्या आंधळ्यातून पुढचा आंधळा निघाला.

कान शिमोझावा या लेखकाच्या एका पुस्तकात इची नावाच्या आंधळ्या जुगाऱ्याबद्दल चार-दोन पानांचा मजकूर होता. त्यावरून मिनोरू इनुझुकांनी पटकथा लिहिली आणि एप्रिल १९६२ मध्ये 'झातोइचीची गोष्ट' पडद्यावर आली. 'झातो' ही पदवी आहे. एदो काळात, म्हणजे तोकुगावा राजवटीत, आंधळ्यांची एक अधिकृत संघटना होती. तिच्यात पायऱ्या होत्या, आणि मोठ्या चार हुद्द्यांपैकी सर्वांत खालचा तो झातो. मालिश करणं, सुया टोचणं, वाद्य वाजवणं ही त्यांची कामं. म्हणजे आपला नायक सामुराई नाहीच. तलवार बाळगायचा त्याला अधिकार नाही, म्हणून ती काठीत लपवलेली. धरतो तीही उलटी, पातं मनगटाखाली. उघड धरता आली नाही की माणूस अशी धरतो.

सिनेमाचा पहिलाच प्रसंग बघा. जुगाराचा अड्डा. पेल्यात फासे हलवून पालथे घालायचे, लोकांनी सम की विषम यावर पैसे लावायचे. इची म्हणतो, मी पेला हलवतो. आंधळ्याच्या हातून फासे पेल्याबाहेर पडतात. सगळ्यांना दिसतात, त्याला दिसत नाहीत. मंडळी एकमेकांकडे बघून हसतात आणि दिसणाऱ्या आकड्यावर भराभर पैसे लावतात. सगळे लावून झाल्यावर इची शांतपणे म्हणतो, अरेच्चा, हे तर माझ्या बाहीतून सांडलेले दिसतात, आणि ते उचलून घेतो. खरे फासे पेल्याखालीच आहेत. पैसे गोळा करून निघताना तो म्हणतो त्याचा आशय असा की आंधळ्याला फसवायला निघालात तर असंच होणार. या प्रसंगात मिसुमी कॅमेरा फारसा हलवत नाही. हात, फासे, चेहरे, पुन्हा हात. हसू पसरतं आणि आटतं, एवढंच. यानंतर या माणसाला तलवार चालवता येते हे पटवायला वेगळा प्रसंग लागत नाही.

आणि तो देतही नाही! हा सिनेमा दीड तासाचा आहे, आणि त्यातला फार मोठा भाग इची तलवार न उपसता घालवतो. गुंडांच्या दोन टोळ्या आहेत, लढाईची तयारी चालली आहे, एका टोळीने इचीला पोसून ठेवलं आहे, आणि दुसरीने हिराते नावाच्या क्षयरोगी रोनिनला. रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. हे दोघे तळ्याकाठी मासे धरताना भेटतात. शेजारी बसून गळ टाकतात, मासा लागल्याचं आंधळ्याला आधी कळतं. दोघांनाही ठाऊक आहे की आज ना उद्या आपल्याला एकमेकांसमोर उभं करणार. त्याविषयी फार बोलत नाहीत. पाणी, गवत, मागे अकिरा इफुकुबेंचं खर्जातलं संगीत. हेच इफुकुबे 'गोजिरा'चे, म्हणजे गॉडझिलाचे, संगीतकार. छायाचित्रण चिशी माकिउरांचं. पुढे मिसुमीच्या सर्वांत चांगल्या सिनेमांत हाच माणूस कॅमेऱ्यामागे दिसतो.

शेवट पुलावर. हिरातेला खोकल्याने अंथरुणात मरायचं नाही, या आंधळ्याच्या हातून मरायचं आहे. वार होतो आणि हिराते कोसळत इचीच्या पाठीवर रेलतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन मित्र दमून टेकले आहेत. त्यानंतरही थोडा सिनेमा उरतो. तो मी मुद्दाम मागे ठेवतो.

आता मघाचा धागा. एक डोळा, एक हात असलेला साझेन. १९६० च्या 'दाइबोसात्सु तोगे'मध्ये राइझोने केलेला र्‍युनोसुके, जो कारणाशिवाय माणसं मारतो आणि पुढे आंधळा होतो. डोळे काढलेला कुणाल. आणि इची. हे सगळं मिसुमीने निवडलं नव्हतं, कंपनीने पाठवलं. पण कंपनीने पाठवलेल्या साठ पाकिटांतून माणूस काय उचलतो, कशावर रेंगाळतो, ते त्याचंच असतं. ज्याला दिसत नाही तो ऐकतो. मिसुमीच्या सिनेमात म्हणून वाराआधी शांतता असते. पाण्याचा थेंब, झाडाची सळसळ, कागदी दाराचं सरकणं. कुरोसावाचा वारा आणि पाऊस तुमच्या अंगावर येतो. मिसुमीच्या सिनेमात तुम्हीच कान टवकारून पुढे सरकता. कात्सुचं मान तिरकी करून ऐकणं तर शामिसेनवाल्याचंच आहे. सूर लावताना वादक जशी मान करतो तशी.

झातोइचीचे एकूण सव्वीस चित्रपट निघाले. त्यातले पंचवीस १९७३ पर्यंत, आणि शेवटचा १९८९ मध्ये. मिसुमीने सहा केले. त्यातला १९६४ चा एक मला फार आवडतो. इचीची पालखी दुसऱ्या एका बाईला दिली जाते, मारेकरी चुकून तिलाच मारतात आणि तिचं तान्हं बाळ इचीच्या गळ्यात पडतं. ते बापाकडे पोचवायला तो निघतो. दुपटी बदलतो. रात्री निजवतो. बाळ जागं होऊ नये म्हणून हळू आवाजात धमक्या देतो. बाप भेटतो तो नालायक निघतो. बाळ देवळातल्या भिक्खूच्या हवाली करून इचीला पुढे जावं लागतं. सिनेमा विनोदी आहे, पण शेवटी गळा दाटतो. १९६५ च्या भागात दोघे प्रवासी वाटेने चालता चालता शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळतात. इची पट मनातच मांडतो, तोंडाने चाली सांगतो. मैत्रीही तशीच होते, डाव टाकत टाकत. १९६७ च्या भागातली बर्फातली लढत अमेरिकन लोकांना इतकी आवडली की त्या कथेवर त्यांनी १९८९ मध्ये 'ब्लाइंड फ्युरी' काढला.

कात्सुबरोबर मिसुमी माणसांचे, घामाचे, भाकरीचे सिनेमे करतो. राइझोबरोबर तो दुसराच माणूस होतो. तीन सिनेमे आहेत, प्रत्येकाच्या नावात तलवार किंवा वार : 'किरु' (१९६२), 'केन' (१९६४), 'केंकी' (१९६५). तीन वेगळ्या गोष्टी, पण आता त्या एकत्रच पाहिल्या जातात.

'किरु' फक्त एकाहत्तर मिनिटांचा. पटकथा कानेतो शिंदोंची. सुरुवातीलाच एक तरुण दासी आदेशावरून मालकाच्या रखेलीचा खून करते. तिला मृत्युदंड होतो. पण ती एका मुलाला जन्म देईपर्यंत तो लांबतो, आणि शेवटी तिचा शिरच्छेद करायला पुढे होतो तो तिच्या मुलाचा बाप. ती त्याच्याकडे बघून हसते. हे सगळं मोजक्या मिनिटांत, फारसं न बोलता. दुसरा दिग्दर्शक यावर पूर्ण सिनेमा काढेल. मिसुमी ती प्रस्तावना म्हणून वापरतो, आणि मग ते मूल मोठं होतं. पुढे त्याच्या आयुष्यात जी जी बाई येते ती मरते, आणि तो तलवारीत अधिकाधिक निष्णात होत जातो. शेवटी तो आपल्या धन्याला शोधत एका प्रचंड वाड्यात धावतो. दार सरकवावं तर रिकामी खोली, आणखी एक दार, आणखी रिकामी खोली. दाइएईचा तो रुंद पडदा मिसुमीने अशा रिकाम्या खोल्यांसाठी वापरला. बाकीच्यांनी त्यात घोडे भरले.

'केन' आधुनिक काळातला, काळा-पांढरा, युकिओ मिशिमाच्या कथेवरून. विद्यापीठाचा केंदोचा, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळाचा, संघ, त्याचा कर्णधार कोकुबु. शिस्तीचा इतका कडक की माणसांना जवळ येऊ देत नाही. शिबिरात समुद्रात पोहायचं नाही असा त्याचा नियम. तो नसताना मुलं पोहतात. तेवढ्यावरून तो जीव देतो. मिशिमाला यात पावित्र्य दिसत होतं, आणि त्याने स्वतः १९७० मध्ये पोट फाडून घेतलं. मिसुमीला काय दिसलं? त्याचा कॅमेरा कोकुबुची टवाळी करत नाही, पण त्याच्या मागेही जात नाही. उन्हात भिजलेल्या मुलांच्या हसण्याकडे तो पुरेसा वेळ बघतो. युद्धात आणि छावणीत सात वर्षं घालवून आलेल्या माणसाला 'मरणासारखं सुंदर काही नाही' हे वाक्य कितपत पटावं? माझं मत विचाराल तर मिशिमाच्या कथेवरचा हा मिशिमाच्या विरुद्ध जाणारा सिनेमा आहे. यावर वाद घालायला जागा आहे हे मान्य.

'केंकी'मध्ये राइझो एका तरुणाचं काम करतो, ज्याच्या आईबद्दल गावात कुजबुज आहे की हा पोरगा तिला कुत्र्यापासून झाला. त्याला दोन गोष्टी येतात : घोड्याइतकं धावता येतं आणि फुलं फुलवता येतात. पुढे तलवार शिकतो. मग संस्थानाचे कारभारी त्याला वापरायला लागतात. धनी वेडा झाला आहे, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून ज्यांना ज्यांना संशय आला त्यांना संपवायचं. माळ्याचा खुनी होतो. शेवटची कत्तल त्याच्याच हाताने लावलेल्या फुलांच्या शेतात होते. जात, जन्म, कुजबुज, आणि वरच्यांनी आपली घाणेरडी कामं खालच्याकडून करून घेणं, हे समजावून सांगायला आपल्याला जपानचा इतिहास लागत नाही.

राइझो १९६९ च्या जुलैत कर्करोगाने गेला. सदतीस वर्षांचा होता. कंपनीचा बराचसा गल्ला त्याच्या चेहऱ्यावर चालायचा. तोवर घरोघरी टीव्ही आला होता. ११२ कोटी तिकिटांचा आकडा १९६३ मध्येच निम्म्याहून खाली आला होता, आणि १९७१ मध्ये जेमतेम साडेएकवीस कोटींवर. त्या वर्षाअखेरीस दाइएईचं दिवाळं वाजलं. तुतारी थांबली. पन्नाशीला टेकलेला मिसुमी तीस वर्षांनी पहिल्यांदा कंपनीविना झाला.

कात्सुने तोवर स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती. त्याचे थोरले बंधू तोमिसाबुरो वाकायामा, अंगाने जाड पण तलवारीत विजेसारखे. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची 'कोझुरे ओकामी' ही चित्रमालिका, म्हणजे 'पिल्लू घेऊन फिरणारा लांडगा', १९७० पासून जपानात तुफान चालली होती. धाकट्या भावाने निर्मिती केली, थोरल्याने भूमिका, आणि दिग्दर्शनाला घरचाच माणूस : मिसुमी. जानेवारी १९७२ मध्ये पहिला भाग आला. सहापैकी चार भाग त्याचे.

इत्तो ओगामी हा शोगनचा, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचा, अधिकृत शिरच्छेद करणारा. पहिल्याच दृश्यात तो एका लहानग्या सरदाराचं मस्तक उडवतो. मग त्याच्यावर कुभांड येतं, बायको मारली जाते. घरी रांगणारा दाइगोरो उरतो. इत्तो त्याच्यासमोर एका बाजूला चेंडू ठेवतो, दुसरीकडे तलवार. चेंडू घेतलास तर तुला तुझ्या आईकडे पाठवीन, तलवार घेतलीस तर माझ्याबरोबर नरकाच्या वाटेला ये. आपल्याकडे उष्टावणाच्या वेळी बाळापुढे पुस्तक, पेन, पैसे मांडतात ते आठवेल. इथे डाव जिवावरचा आहे. बाळाला यातलं काहीच कळत नाही. ते चेंडूकडे झुकतं, थबकतं, आणि चकाकणाऱ्या पात्याकडे रांगतं. मिसुमी हा प्रसंग लांबवतो, फार लांबवतो. प्रेक्षकाला हात पुढे करून पोराला उचलावंसं वाटतं.

दुसऱ्या भागात तिघे भाऊ आहेत आणि वाळूच्या टेकड्या. त्यातला एक आपला पंजा वाळूत खुपसतो आणि वाळूतून रक्त येतं, खाली माणसं दडलेली. माझ्या कॅसेटमधला शीळ ऐकणारा माणूस याच भागातला. तिसऱ्या भागात एक रोनिन पोट फाडतो, इत्तो त्याचं शिर उडवतो, आणि क्षणभर आपल्याला त्या घरंगळणाऱ्या शिराच्या नजरेतून जग दिसतं. एकेकाळी इतका संयम दाखवणारा माणूस इथे रक्ताची कारंजी उडवतो आहे, हे खरं. बाजार बदलला होता. पण कारंज्यांच्या मधला वेळ त्याने सोडला नाही. दुसऱ्या भागात जखमी बापाला पाणी हवं असतं. ते चिमुरडं पोर चिखल तुडवत तोंडात पाणी भरून आणतं. १९६४ मध्ये इचीच्या गळ्यात पडलेलं बाळ आठ वर्षांनी चालायला लागलं होतं.

१९७२ मध्येच कात्सुसाठी त्याने 'गोयोकिबा' केला, हान्झो नावाच्या पोलिस अधिकाऱ्याचा. त्यात बायकांवरचा अत्याचार चौकशीची युक्ती म्हणून, गंमत म्हणून दाखवला आहे. हा सिनेमा मला सहन होत नाही. त्याचा बचाव करणारे 'तो काळच तसा होता' म्हणतात. त्याच दशकात चांगले सिनेमे करणारे लोकही होते. आणि 'किरु'च्या सुरुवातीची ती बाई ज्याने चित्रित केली त्याच माणसाने हे केलं, म्हणून अधिक खुपतं. कंपनीच्या माणसाची दुसरी बाजू ही : दिलेलं काम तो नाकारत नाही.

त्यानंतर टीव्ही. 'हिस्सात्सु' मालिकेतले काही भाग, मग १९७४ पासून छोट्या पडद्यावर आलेल्या झातोइचीचेही. १९७४ मध्येच शोचिकु कंपनीसाठी एक मोठा, तोकुगावा राजवटीच्या अस्ताचा चित्रपट. आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात मिसुमी गेला. जपानबाहेर फारसं कुणाला कळलं नाही. २००४ मध्ये 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात एक आई आपल्या लेकीला झोपण्याआधी सिनेमा लावून देते. लेकीनेच मागितलेला असतो : 'शोगन असॅसिन'. जगभरातल्या प्रेक्षकांनी मिसुमीचं काम पुन्हा पाहिलं, पुन्हा कापलेलं, पुन्हा त्याच्या नावाविना.

आता तो मागे ठेवलेला शेवट. १९६२. पुलावर हिराते मेला आहे, टोळीवाले जिंकल्याच्या आनंदात दारू पीत आहेत. इची त्यांना चार शब्द सुनावतो. मग देवळातल्या एका पोराकडे जाऊन हिरातेच्या दफनाची सोय करतो, आणि आपली काठी, तलवार असलेली, त्याच्या हाती देतो. म्हणतो, हीही त्याच्याबरोबर पुरून टाक. गावाबाहेरच्या रस्त्यावर ओताने नावाची मुलगी त्याची वाट बघत उभी आहे. त्याच्याबरोबर जायला निघालेली. तो ते ओळखून रस्ता सोडतो आणि डोंगरातल्या आडवाटेने, हाताने झुडपं चाचपत, निघून जातो. मिसुमीच्या लेखी गोष्ट इथे संपली होती. तलवार मातीखाली गेली होती.

सिनेमा धो धो चालला. कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात दुसरा भाग आणला, दुसऱ्या दिग्दर्शकाकडून. त्यात इचीच्या हातात पुन्हा काठी आहे, आणि काठीत तलवार आहे.